उपलब्धरावांची बेरीज

उपलब्धरावांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका भिंतीशी भांडत होते, आणि भिंत हरण्याच्या बेतात होती.

रक्त-लघवी तपासणाऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेच्या तक्रार खिडकीवर मी त्याच सकाळी रुजू झालो होतो. जिन्याखालच्या बोळातून आवाज येत होता. आवाज म्हणजे किती? वरच्या मजल्यावर रॅकमधल्या काचेच्या नळ्या भीतीने एकमेकींना बिलगत होत्या, बाकावर बसलेल्या लोकांचं रक्त सुईची वाट न बघता आपण होऊन बाहेर येऊ पाहत होतं, आणि साखर तपासायला आलेल्या एका आजोबांची साखर त्या आवाजानेच उतरली, असं ते पुढे शपथेवर सांगत. मी धावत गेलो. फुकटची मारामारी बघायला मिळाली तर नोकरीची सुरुवात शुभ, एवढाच हेतू.

बोळात मारामारी नव्हती. एक बुटका, गोल माणूस होता. चष्मा कपाळावर, शर्टाचा एक खिसा उसवलेला, आणि बोट भिंतीवर नुकत्याच टांगलेल्या पडद्याकडे रोखलेलं. पडद्यावर लालभडक अक्षरांत एकच ओळ होती : वापरलेली मेमरी, सत्त्याण्णव टक्के.

“वापरलेली काय बघता? उपलब्ध बघा! उपलब्ध!”

बोळात दुसरं कोणीच नव्हतं. मी दिसलो तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

“तुम्ही कोण?”

“तक्रार विभाग.”

“वा! तक्रारच आहे माझी. चला.”

अशा रीतीने, आपल्या जागेवर बसायच्या आधीच मी सर्व्हरच्या खोलीत पोहोचलो. ती खोली थंडगार होती आणि अखंड घुमत होती. दाराशी खिळ्याला एक जाड स्वेटर टांगलेला. इमारतीतले सगळे घामाने निथळत असताना हा एकच गृहस्थ बारा महिने स्वेटर घालून बसे, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला ते आजारी वाटत आणि त्यांना बाहेरचे सगळे अडाणी वाटत. प्रयोगशाळेतला प्रत्येक रिपोर्ट या खोलीतल्या एका मोठ्या मशीनमधून जायचा. मशीनवर लिनक्स होतं, म्हणजे मशीनचा सगळा कारभार पाहणारी मूळ प्रणाली. आणि लिनक्सवर कोणी वाकडा शब्द काढला की उपलब्धरावांना, स्वतःच्या बायकोवर कोणी बोलावं, त्याहून जास्त राग येई. बायकोवर तर ते स्वतःच बोलत.

“हे टेबल बघा,” ते म्हणाले. टेबल दिसत नव्हतं. वर फायलींचा डोंगर होता. “टेबल म्हणजे मेमरी. ते मागचं कपाट म्हणजे डिस्क. आता मला एक फाइल लागली. मी उठलो, कपाटातून आणली, वाचली. काम झालं. परत कपाटात ठेवू?”

“ठेवावी,” मी म्हणालो. आईने लावलेली सवय.

“का? टेबलावर जागा आहे ना? राहू दे की हाताशी. पुन्हा लागली तर उठायला नको. लिनक्स हेच करतं. एकदा डिस्कवरून आणलेलं, मेमरीत जागा आहे तोवर, हाताशी ठेवतं. नवं काम आलं आणि जागा लागली, की त्यातलं जुनं क्षणात बाजूला करतं. बाजूला करायला भीती नाही, कारण मूळ प्रत कपाटात आहेच. म्हणजे हे टेबल भरलंय का?”

“भरलंय.”

त्यांनी कपाळाला हात लावला. तिथे चष्मा होता, तो पडला.

“दिसायला भरलंय हो! पण गरज पडली तर किती जागा निघेल, ते बघायचं. मोकळी किती ते नाही, वापरलेली किती तेही नाही. उपलब्ध किती! तो भिंतीवरचा गाढव हाताशी ठेवलेलं सगळं ‘वापरलेलं’ म्हणून मोजतो. निरोगी माणसाला ताप दाखवतोय तो!”

हे व्याख्यान त्यांनी इमारतीतल्या प्रत्येकाला दिलं होतं. झाडूवालीला, लिफ्टवाल्याला, चुकून दार उघडलेल्या एका पेशंटलाही, आणि तोही बिचारा उपाशीपोटी. म्हणून त्यांचं नाव उपलब्धराव. खरं नाव पगारपत्रकाला ठाऊक असावं.

त्यांच्या घरीही हाच सिद्धांत चाले. पहिल्यांदा गेलो तेव्हा हॉलमध्ये बसायला जागा शोधावी लागली. शेजाऱ्यांच्या घडीच्या खुर्च्या, वाचनालयाची पुस्तकं, मेहुण्याची शिडी, कोणाचा तरी पाळणा, सगळं तिथेच.

“रिकामा हॉल म्हणजे वाया गेलेला हॉल, असं यांचं म्हणणं,” वहिनी म्हणाल्या. “हे लग्नाआधी सांगितलं असतं तर मीही जरा दुसरं कोणी उपलब्ध आहे का ते बघितलं असतं.”

“लागली की जागा करतो ना?” उपलब्धराव म्हणाले. “तुझी आई आली तेव्हा केली की नाही?”

“केली. ती गोष्ट सांगा यांना. सगळी सांगा.”

गोष्ट अशी. सासूबाई अचानक आल्या. उपलब्धरावांनी हां हां म्हणता शिडी मेहुण्याकडे पोहोचवली, खुर्च्या शेजारी, पुस्तकं वाचनालयात, पाळणा ज्याचा त्याच्याकडे. हॉल मोकळा झाला, फक्त मधोमध त्यांच्या आईचं जुनं, लोखंडी पायांचं शिलाई मशीन उरलं.

“मी म्हटलं, हेही ठेवा की परत,” वहिनी सांगू लागल्या. “तर म्हणतात, परत कुठे? बाकीचं सगळं कुणाचं ना कुणाचं आहे. याला दुसरं घरच नाही! मग माझी आई बिचारी त्या मशीनच्या पायांत पाय अडकवून झोपली. सकाळी उठली ती लंगडतच.”

“लंगडत नव्हती, चिडली होती. चिडली की ती तशीच चालते,” असं म्हणून उपलब्धरावच सगळ्यात मोठ्याने हसले. मीही हसलो. शिलाई मशीन हॉलच्या मधोमध उभं होतं, त्यावर पाण्याचे ग्लास ठेवले होते.

आता भिंतीवर तो पडदा ज्यांनी लावला, त्या साहेबांविषयी. नवीनच आले होते. त्यांच्या टेबलावर कधी कागदाचा कपटाही नसे. फोनसुद्धा खणात. टेबलाच्या काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसे आणि तो बघून त्यांचं समाधान होई. आम्ही त्यांना लख्ख साहेब म्हणत असू. टेबल भरलेलं ठेवण्यात शहाणपण आहे असं मानणारा माणूस आणि हे साहेब एकाच छपराखाली आणून ठेवणाऱ्या नियतीला विनोदाची जाण असावी, पण दयेची नसावी.

साहेबांनी मीटिंग बोलावली. तक्रार विभागाला प्रत्येक मीटिंगला बोलावत, मार कोणीतरी खायला हवा म्हणून. उपलब्धराव स्वेटरसकट आले. त्यांच्या हाताखालची मुलगी आली. खात्यात सगळ्यांत लहान म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. कमी बोलायची, आणि बोलायच्या आधी स्वतःशी एकदा म्हणून बघायची.

“पडदा लाल का आहे?” साहेब.

“कारण तो चुकीची गोष्ट मोजतोय. साहेब, समजा हे टेबल...” उपलब्धरावांनी साहेबांच्या टेबलाकडे पाहिलं. उदाहरणाला काही सापडेना. “समजा, टेबलावर काही असतं...”

“मला कारण नको. रंग हवा. संचालक भेटीला येणार आहेत. त्या बोळातूनच त्यांना नेणार आहे मी. तोवर हिरवा झाला नाही, तर तुमची खोली बाहेरच्या कंपनीकडे देतो. त्यांचा माणूस तयारच आहे.”

“आणि मी?”

“तुम्हाला बघू कुठेतरी.”

उपलब्धरावांनी स्वेटर अंगाशी ओढून घेतला. ‘कुठेतरी’ या शब्दाची त्यांना भीती वाटली, हे मला दिसलं. त्या खोलीत त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. तिथलं पहिलं मशीन त्यांनी स्वतः खांद्यावरून आणलेलं. खोलीबाहेर त्यांना कोणी विचारत नसे. बोळात दिसले तर लोक घड्याळ बघत पळत. त्या चार थंड भिंतींत मात्र ते राजे होते. राज्य लहान, प्रजा एक, आणि ती प्रजा धाकटी. पण राज्य होतं.

बाहेरच्या कंपनीच्या माणसाने साहेबांना फोनवर एक आज्ञा सांगितली. लिनक्सला हाताशी ठेवलेलं सगळं टाकून द्यायला लावणारी. ती दर तासाला चालवा म्हणाला, पडदा हिरवा होईल. उपलब्धराव लाल झाले.

“ही आज्ञा म्हणजे माणसाने दर तासाला जेवलेलं ओकून टाकावं आणि वजन कमी झालं म्हणून पेढे वाटावेत! माझ्या हाताने नाही होणार.”

“मग धाकटीच्या हाताने होऊ दे,” साहेब म्हणाले. धाकटीने केलं. करणं भाग होतं, तिची नोकरी वर्षावर्षाच्या कराराची.

आणि पडदा हिरवा झाला! थोडा वेळ हिरवा, मग पिवळा, मग लाल, की पुन्हा तास भरायचा आणि हिरवा. बोळात सिग्नल बसवल्यासारखं. पण दर तासाला सगळं कपाटात गेल्यावर प्रत्येक रिपोर्टसाठी मशीनला पुन्हा कपाटापाशी जावं लागे. रिपोर्ट रडतखडत उघडू लागले. माझ्या खिडकीसमोरची रांग दाराबाहेर गेली. एक बाई म्हणाली, “भाऊ, तुमचा रिपोर्ट येईपर्यंत माझा आजार बरा होईल हो. मग काय दाखवू डॉक्टरांना?”

साहेब बधले नसते. पण त्या रांगेत एक दिवस त्यांच्या सासूबाई होत्या. जावई साहेब आहे हे त्यांनी संपूर्ण रांगेला सांगितलं, जावई कसला आहे हेही सांगितलं, आणि घरी जाऊन जावयाला सांगायचं ते वेगळंच सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः खोलीत आले. थंडीने हात चोळत म्हणाले, “बंद करा ते. तुमचा तो आकडा लावा. उपलब्ध. हिरवा असेल ना?”

“असेल म्हणजे! साहेब, तो खरा असेल!”

“हिरवा असला तरी चालेल.”

त्या दिवशी उपलब्धराव जमिनीवरून चालतच नव्हते. लिफ्टवाल्याच्या पाठीत धपाटा, झाडूवालीला नमस्कार, मला चहा. “सत्य शेवटी भिंतीवर चढतं!” म्हणाले. पडद्यावर त्यांनी स्वतःची बेरीज लावली.

या बेरजेचं थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फार पूर्वी लिनक्स ‘उपलब्ध’ असा आकडा देतच नसे. मोकळी किती आणि हाताशी ठेवलेली किती, एवढंच सांगे. जाणकार माणसाने दोन्हींची बेरीज करायची. उपलब्धरावांनी ती तेव्हापासून केली होती, लोकांना शिकवली होती, तिच्यासाठी भांडले होते. पुढे लिनक्स स्वतःच हिशेब करून उपलब्धचा आकडा वेगळ्या रकान्यात देऊ लागलं. पण उपलब्धरावांनी तो कधी घेतला नाही. “तो अंदाज आहे,” म्हणत. “माझी बेरीज आहे.” पोटच्या पोराबद्दल बोलावं तसं.

विजयाच्या भरात त्यांनी आणखी एक केलं. मेमरी किती झपाट्याने काम करते हे साहेबांना दाखवायचंच, म्हणून रिपोर्ट बनताना ज्या तात्पुरत्या फायली लागतात, त्यांची जागाच डिस्कवरून उचलून मेमरीत नेली. लिनक्समध्ये तशी सोय आहे. फाइल दिसते फायलीसारखी, पण राहते फक्त मेमरीत. रिपोर्ट पटापट येऊ लागले. माझी रांग संपली. त्या बाई बऱ्या व्हायच्या आत त्यांना रिपोर्ट मिळाला. साहेबांनी उपलब्धरावांना नावाने हाक मारली. ते कोणाला म्हणतायत हे आधी कोणाला कळलंच नाही.

एके दुपारी मी चहाला त्या खोलीत बसलो होतो. धाकटी म्हणाली, “सर, एक विचारू?”

“विचार पोरी.”

“लिनक्सचा स्वतःचा उपलब्धचा आकडा तुमच्या बेरजेपेक्षा पुष्कळ कमी येतोय. आणि रोज आणखी कमी होतोय.”

“तो अंदाज आहे.”

“हो. पण सर, आपण रिपोर्टच्या तात्पुरत्या फायली मेमरीत आणल्या ना, त्या लिनक्स ‘हाताशी ठेवलेल्या’तच दाखवतं. त्या पुसल्याही जात नाहीयेत. तुमच्या बेरजेत त्या जागा म्हणून मोजल्या जातात, पण...”

“मी ही बेरीज मांडली तेव्हा तू पाळण्यात होतीस.”

“हो सर. पण एकदा ती आज्ञा चालवून बघू या? टाकून द्यायची. जे टाकता येतं ते जाईल. उरेल ते कळेल.”

बस्स. उपलब्धरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “ती आज्ञा? त्या भामट्याची? या खोलीत? पुन्हा? माझ्या देखत तिचं नाव काढू नकोस!”

धाकटी स्वतःशी एकदा काहीतरी म्हणून बघत होती. पण मोठ्याने म्हणाली नाही. तिने कप उचलले. मी चहा छान झाल्याचं सांगितलं.

आणखी एक गोष्ट तिला ठाऊक होती. मेमरी कमी पडली की त्यातलं सामान डिस्कवर नेऊन टाकण्याची सोय लिनक्समध्ये असते. उपलब्धरावांनी ती कधीच बंद करून ठेवली होती. “पळवाट आहे ती,” म्हणत. “मेमरीचा ज्याला हिशेब येत नाही त्याच्यासाठी.”

संचालक आले त्या सकाळी उपलब्धरावांनी स्वेटर धुऊन आणला होता. साहेबांनी पाहुण्यांना बोळात आणलं. पडद्यावर मोठ्या हिरव्या अक्षरांत झळकत होतं : उपलब्ध मेमरी, भरपूर. साहेब पडद्याकडे पाठ करून उभे राहिले आणि आपण आल्यापासून व्यवस्था कशी सुधारली ते सांगू लागले.

त्याच वेळी माझ्या खिडकीवरचा कॉम्प्युटर थांबला. शेजारचा थांबला. वरच्या मजल्यावरून कोणी ओरडलं. नमुने घेणाऱ्या मुली हातात नळ्या घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या. कुठली नळी कोणाची हे सांगणारा पडदा काळा झाला होता. मी बोळाकडे पळालो, तर साहेब अजून बोलतच होते, आणि त्यांच्या मागे भिंत हिरवीगार.

खोलीत धाकटी मशीनसमोर बसली होती. उपलब्धराव उभे.

“काय झालं?” मी विचारलं.

“मेमरी संपली,” धाकटी म्हणाली. “मग मशीनने जागा करायला सगळ्यात मोठा प्रोग्रॅम मारला. सगळ्यात मोठा म्हणजे नोंदी सांभाळणारा.”

“संपेल कशी?” उपलब्धराव म्हणाले. “बाहेर बघ. हिरवं आहे!”

धाकटीने बाहेर न बघता समोरच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग त्यांनी खुर्ची ओढली, आणि स्वतःच्या हाताने ती आज्ञा लिहिली. हाताशी ठेवलेलं सगळं टाकून द्या. आकडे हलले. म्हणजे थोडेसे हलले. बाकीचा ढीग होता तिथेच राहिला. ज्याची मूळ प्रत कपाटात होती ते गेलं होतं. ज्याची मूळ प्रत नव्हतीच, ते कुठे जाणार?

“शिलाई मशीन,” उपलब्धराव म्हणाले.

“काय सर?” धाकटीला कळलं नाही. मला कळलं. पण ही वेळ समजावून सांगण्याची नव्हती.

त्या फायली पुसल्या आणि दुपारपर्यंत सगळं पुन्हा सुरू झालं. पण सकाळी घेतलेल्या नमुन्यांतल्या बऱ्याचशांची नोंद गेली होती. उपाशीपोटी आलेल्या लोकांना पुन्हा उपाशीपोटी या असं मला सांगावं लागलं. ते मला जे म्हणाले ते मी इथे लिहीत नाही.

संध्याकाळी साहेबांच्या खोलीत आम्ही उभे. टेबल लख्ख. काचेत आमचे चेहरे उलटे.

“मी तुमचंच ऐकलं ना?” साहेब म्हणाले. “लाल म्हणालात खोटं आहे, ऐकलं. हिरवं म्हणालात खरं आहे, ऐकलं. आता मला सांगा, कोणाचं चुकलं?”

साहेब बरोबर बोलतायत असा प्रसंग मी तो पहिलाच पाहिला. उपलब्धरावांनी टेबलाचं उदाहरण दिलं नाही. भिंतीशी भांडणारा माणूस भिंतीसारखा उभा होता. मग ते बोलले.

“चूक माझी आहे. तत्त्व बरोबर होतं, बेरीज जुनी होती. हिने मला आधीच सांगितलं होतं. हिला येतं सगळं. खोली हिच्याकडे द्या.”

त्यांच्या सबंध नोकरीत त्यांनी दुसऱ्याला दिलेली ही पहिली शाबासकी असावी. साहेब धाकटीकडे वळले.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“हो सर.”

“आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत.”

धाकटीने उपलब्धरावांकडे पाहिलं. उपलब्धरावांनी तोंड उघडलं, पण साहेबांनी खणातून फोन काढला होता.

धाकटीचा करार पुढे वाढवला नाही. खोली बाहेरच्या कंपनीला गेली. त्यांनी सगळ्यात आधी जुना आकडा भिंतीवर परत आणला आणि मशीनमध्ये दुप्पट मेमरी घातली. पडदा हिरवा झाला. लिनक्सने मग ती नवी मेमरीही हळूहळू भरली, हाताशी असावं म्हणून, आणि पडदा पुन्हा लाल झाला. साहेबांनी बाहेरच्या माणसाला कारण विचारलं. तो म्हणाला, “साहेब, वापरलेली बघायची नसते.” साहेबांना ते पटलं.

मी मध्यंतरी उपलब्धरावांच्या घरी गेलो होतो. हॉल मोकळा होता. खुर्च्या, शिडी, पुस्तकं, सगळं ज्याचं त्याला परत केलेलं. बसायला ऐसपैस जागा होती, आणि मधोमध शिलाई मशीन. वहिनींनी त्याच्यावर पाण्याचा ग्लास ठेवला. “आता कोणी काही ठेवायला आलं तरी घेत नाहीत,” म्हणाल्या. उपलब्धराव आत होते. झोपलेत म्हणाल्या. दिवेलागणही झाली नव्हती.

बोळातल्या पडद्यावर आता कँटीनच्या वेळा दिसतात. उपलब्धरावांना वस्तुभांडारात बसवलं आहे. तिथे कॉम्प्युटर नाही.